एकाच पानाच्या चार तारखा

महालक्ष्म्यांच्या जेवणाची शेवटची पंगत उठली तेव्हा दोन वाजून गेले होते. मंजुषा पुरणाचं रिकामं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात निघाली होती, तेवढ्यात तिला दिसलं की पुतण्या आलोक हात पुसत पुसत आपल्या आईच्या टेबलाशी गेला आणि तिथली लांब वही त्याने उचलली. वर्तमानपत्र उचलावं इतक्या सहज. मंजुषाने पातेलं तिथेच जमिनीवर ठेवलं.

ती वही त्या घरात कोणी उघडत नसे. छापून येईपर्यंत मंजुषाशिवाय कोणाची नजर वहीवर पडायची नाही, असा आलोकच्या आईचा, पूर्णिमाचा, नियम होता. नजर टाकूनही कोणाचा काही फायदा नव्हता म्हणा. पूर्णिमा इंद्रवेल्लीकडची, शाळा सगळी तेलुगूत झालेली. मराठी तिच्या जिभेवर होती, वाचताही येई, पण हाताला तिची अक्षरं कधी लागलीच नाहीत. म्हणून गेली वीस वर्षं ती मराठी प्रेमकथा तेलुगू अक्षरांत लिहीत आली होती, तेही अशा पळत्या, गुंतलेल्या हातवळणात, की उभा जन्म तहसील कचेरीत काढलेले तिचे यजमान चिंतामणीसुद्धा दोन ओळींत हात टेकत. तिची धाकटी जाऊ मंजुषा निर्मलकडची, तीही तेलुगू शाळेतलीच. ती ते वाचून बाळबोध मराठीत उतरवी. आधी फुलस्केप कागदांवर नागपूरच्या प्रकाशकासाठी, आणि आता चार वर्षं मोबाइलवर, कथांच्या अ‍ॅपसाठी. ही मराठी वाचणारी जगात दोनच माणसं आहेत, असं चिंतामणी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. आलोकलाही शाळेत तेलुगू होती, हे कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

मंजुषा म्हणाली की ती वही कच्ची आहे, मी तुला दुसरी काढून देते. आलोक म्हणाला, असू दे काकू, आईला सकाळीच विचारलं, ती हो म्हणाली. "गेट नंबर दोन" या चालू कथेचं पुस्तक निघणार होतं. प्रकाशकाला सुरुवातीला एक फोटो हवा होता, डाव्या बाजूला तेलुगू अक्षरांतलं पान आणि उजव्या बाजूला तेच पान छापलेलं. वाचक वेडे होतील, असं आलोकचं म्हणणं होतं.

मंजुषाने पूर्णिमाकडे पाहिलं. पलंगावर पाय पसरून, विडा तोंडात धरून ती नणंदेशी बोलत होती. लेकाकडे बघून ती हसली. आपण कशाला हो म्हटलं हे तिला कळलं होतं की नाही, ते त्या हसण्यावरून कळायला मार्ग नव्हता.

वहीची ही भीती संक्रांतीच्या आसपास सुरू झाली. पूर्णिमाचा दिवस घड्याळासारखा होता. कुकर उतरला की दहाला टेबल, निळा बॉलपेन, पाच पानं. लिहिताना भिंतीकडे तोंड, कारण खिडकी दिसली की नायिका उगाच पावसात भिजायला जाते असं ती म्हणे. नायिकेला स्वतःची नोकरी हवीच. नायकाने दहाव्या भागाआधी तिचा हात धरायचा नाही. भागाच्या शेवटी दारावर थाप, नाहीतर फोन, नाहीतर कोणाची तरी हाक. एकला वही बंद व्हायची, चारपर्यंत मंजुषा ती उतरवून पाठवायची, आणि आठला भाग लोकांच्या मोबाइलवर. एका मंगळवारी मंजुषाने वही उघडली तर आदल्या शुक्रवारचाच भाग पुन्हा लिहिलेला. पानं उलटी धरली असतील असं तिला वाटलं. नव्हती. तारीख मंगळवारची होती. त्या दिवशी भाग चुकू नये म्हणून तिने स्वतःच एक रचला आणि पाठवून दिला. रात्रीच्या जेवणाच्या वेळी पूर्णिमाने तो मोबाइलवर वाचला आणि म्हणाली, आज बरं उतरलं, नाही का?

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं काय? तुमच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, ताई, उद्यापासून टेबलाशी बसू नका? पूर्णिमाच्या माहेरी तिची आई, तुळजाबाई, शेवटची चार वर्षं ओट्यावर बसून अंगणातल्या कोंबड्यांनाही "कोण तुमी?" म्हणून पुसायची. तिचं विसरणं सुरू झालं आणि लोकांनी तिच्या हातातून एकेक काम काढून घेतलं. मंजुषाने ठरवलं, हिच्या हातातला पेन कोणी काढायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि खरं सांगायचं तर, आणखी एक गोष्ट होती. तिला ते लिहायला आवडू लागलं होतं. तिच्या भागांखाली लोक लाल बदाम टाकत होते. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती, आणि आता आलोक खुर्ची ओढून बसला तेव्हा सर्वांत जास्त धाक तिला त्याच गोष्टीचा वाटला.

आलोकला एकसष्टावा भाग हवा होता. तो त्याने हैदराबादला मेट्रोत उभ्याने वाचला होता आणि अभिमानाने शेजारच्याला दाखवलाही होता. कापूस मार्केटात ओलावा तपासणारी नायिका देवश्री, नायक ईशानच्या बापाची कापसाची अख्खी गाडी ओली म्हणून परत पाठवते, तो भाग. त्याने तारीख काढली, वहीत तीच तारीख शोधली, आणि बोट ठेवून अक्षर अक्षर लावू लागला. मार्केट कुठेच नव्हतं. इचोड्याचा एक ढाबा होता, आणि चहा होता. सत्तरावा भाग काढला. छापलेल्यात देवश्रीची बदली होते. वहीत पुन्हा ढाबा.

याहून जास्त त्याने वाचलं नाही. एवढं लावतानाच त्याला घाम फुटला होता. आणि माणूस रागावला की त्याला हवं तेवढंच दिसतं. आईने ढाब्यावरचा प्रसंग चांगला चार-पाच भाग रंगवला असणार, आणि काकूने तो सगळाच्या सगळा उडवून आपलं काहीतरी घुसडलंय, हे त्याच्या मनात पक्कं झालं. मग त्याला भीती वाटली. दिवाळीपासून तो घरी आला नव्हता. रोज फोनवर आई म्हणायची, सगळं छान आहे. तिच्या पाठीमागे तिच्याच घरात काय चाललंय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

त्याने सगळ्यांसमोरच विचारलं. काकू, हे आईचं लिखाण तुम्ही कधीपासून बदलून राहिलात?

अमर, मंजुषाचा नवरा, इचोड्याचं बी-बियाण्यांचं दुकान सणामुळे बंद ठेवून दोन दिवस घरी होता. तो सोप्यातून आत आला. म्हणाला, काय बोलून राह्यला तू, समजते का तुले? जिने वीस वर्षं एक दिवस नागा केला नाही, डोळे फोडून ते किड्यामुंग्यांचं अक्षर उतरवलं, तिला पुसतो हे? आलोकने वही पुढे केली. अमरने ती हातात घेतली आणि परत दिली, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

कौशल्याबाई, चिंतामणींची थोरली बहीण, यवतमाळहून सणाला आलेली. तिला भाचा प्रिय आणि भांडण त्याहून प्रिय. ती म्हणाली, पोरगं काही उगाच नाही बोलणार. घर फिरलं की वासे फिरतात. मागच्या महिन्यापासून गोष्टीची चव बदलली असं मलाही वाटत होतं, देवश्री फार फटकळ झाली आहे. अमर तिच्यावरही ओरडला. बहीण-भावाची जुंपली, त्यात वडिलांच्या वेळचा शेताचा वाटाही निघाला. चिंतामणींनी हात वर केला तेव्हा कुठे दोघं गप्प झाली.

चिंतामणींनी चष्मा लावला. बायकोचा प्रत्येक भाग रात्री दोनदा वाचणारा हा माणूस, पण घाबरला की कचेरीच्या भाषेत शिरे. दोन कागदांत तफावत आहे, ते म्हणाले, मग ज्याच्या हातून कागद गेला त्याचं बयान घ्यावं लागतं. त्यांनी मंजुषाला समोर बोलावलं. आवाज कठोर नव्हता. उलट, ती नाही म्हणेल अशी त्यांना आशा होती.

मंजुषा पदराला हात पुसत उभी राहिली. समोर आलोक, त्याच्या मांडीवर वही. वहीत काय आहे ते तिला पाठ होतं. आणखी दहा मिनिटं हा प्रश्न हवेत राहिला, तर तो पुढची पानं लावणार. मग सगळ्यांना कळणार, आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघून ताईंना कळणार.

"व्हय भाऊजी," ती म्हणाली. "मीच बदललं. मले वाटलं आपलंबी काही छापून यावं. ताईंचं नाव मोठं हाय, त्याखाली खपून जाईन."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

अमरने भिंतीला हात टेकला. एवढा वेळ तो जिच्यासाठी भांडत होता तिने त्याच्या पायाखालची सतरंजी ओढली होती. तो तिला काहीबाही बोलला, दोन घरांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस असं बोलला. तो बोलला त्याहून वाईट म्हणजे, नंतर तो तिच्यापासून बाजूला जाऊन पलंगापाशी, बहिणीजवळ, उभा राहिला. कौशल्याबाईने एकच शब्द उच्चारला, चोर, आणि तोही हळूच, सणाचा दिवस म्हणून. आलोक म्हणाला की पुस्तक थांबवायचं, अ‍ॅपवाल्यांना कळवायचं, आणि आईची वही आजपासून तो स्वतः उतरवेल, रोज फोटो पाठवा मला.

पूर्णिमा हे सगळं ऐकत होती.

मंजुषा व्हय म्हणाली तेव्हा पूर्णिमाच्या छातीवरचं काहीतरी हललं, आणि तिला हलकं वाटलं. सुटले, असं वाटलं. हे वाटल्याची तिला इतकी दहशत बसली की तोंडातला विडा तिला गिळवेना.

कारण तिला माहीत होतं. मे महिन्यातल्या एका सकाळी कूलर बिघडला म्हणून लिहायचं सोडून ती वही चाळत बसली होती. तीच ओळ. चार पानं पुढे तीच ओळ. आणखी पुढे, तीच. अक्षर तिचं, तारखा तिच्या हातच्या, आणि लिहिल्याची एकाचीही आठवण नाही. दुसऱ्या कोणी येऊन आपल्या हाताने लिहून गेल्यासारखं तिला वाटलं होतं. तिने वही मिटली. त्या दिवसापासून दहाचे ठोके पडले की तिचे हातपाय गार पडत, तरी ती टेबलाशी जाई, कारण न गेली तर घर विचारेल. आधीची पानं ती चोरून चाळे आणि पुन्हा लिहिल्या गेलेल्या भागांच्या तारखा मनाशी घोकून ठेवी. एकला मंजुषा वही घेऊन जाई आणि म्हणे, छान झालं ताई. आठला मोबाइलवर जे येई ते खरंच छान असे. ते कोण लिहितं हे पूर्णिमाने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मंजुषाला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर एकदा दिलं की ते घरभर झालं असतं. आणि वाचताना, खरं म्हणजे, तिला पुढे काय होईल याची उत्सुकता लागे. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या कथेची वाचक झाली होती.

आता फक्त गप्प बसायचं होतं. चार दिवस घरात धुसफूस होईल, मंजुषा मान खाली घालून वावरेल, आणि आपल्या डोक्यातलं कोणाला कळणार नाही. आलोक फोटो मागेल तेव्हा मागेल. पण भिंतीपाशी एकटी उभी असलेली जाऊ तिला दिसत होती, आणि तिच्या जवळ कोणी उभं नव्हतं. एवढं मात्र पूर्णिमाला स्वच्छ दिसत होतं, आणि आज स्वच्छ दिसतंय ते उद्या दिसेल याची खात्री नव्हती. जे करायचं ते आत्ताच करायला हवं होतं.

"आलोक," ती म्हणाली, "वाच ते. मोठ्यानं."

मंजुषा वळली. "ताई, नोका," एवढंच ती म्हणाली.

"वाच म्हणते ना. जूनपासून वाच."

आलोकला वाटलं, आई आपल्या बाजूने साक्ष काढते आहे. त्याने तेरा जूनचं पान काढलं आणि बोट ठेवून, अडखळत वाचलं. देवश्री इचोड्याच्या ढाब्यावर उतरते. नागपूरचे ट्रक धुरळा उडवत जातात. ईशान समोर येऊन बसतो आणि पोऱ्याला सांगतो, एक चहा, बिन आल्याचा. मला आलं चालत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं देवश्री विचारते. ईशान तिच्या कपावरची साय चमच्याने अलगद काढून ठेवतो. मागून कोणीतरी तिच्या नावाने हाक मारतं. भाग संपतो.

वाचन तुटक होतं, तरी सगळे ऐकत राहिले. कौशल्याबाईने मान डोलावली. याला म्हणतात लिहिणं, ती अमरला म्हणाली.

"पुढं," पूर्णिमा म्हणाली. "सतरा तारीख."

सतरा जूनला देवश्री इचोड्याच्या ढाब्यावर उतरली. नागपूरचे ट्रक धुरळा उडवत गेले. आलोकला वाटलं पान चुकलं, त्याने मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि आईकडे बघितलं. पूर्णिमाने बोटाने खूण केली, वाच. त्याने वाचलं. ईशानने साय काढली, मागून हाक आली. आई एकच प्रसंग पुन्हा घासूनपुसून लिहिते आहे, लेखक असं करतात, असं त्याने स्वतःशी म्हटलं. पण घासलेलं काहीच नव्हतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

दोन जुलैला देवश्री ढाब्यावर उतरली तेव्हा कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आलोकला आता बोट ठेवायची गरज नव्हती, तो न अडखळता वाचू लागला होता. त्याच्या आवाजातला राग गेला होता, आणि दुसरं काहीतरी आलं होतं. चिंतामणींनी चष्मा काढला आणि मग हातांनी काय करावं ते न कळून पुन्हा लावला. अमर पलंगापासून निघाला, खोली ओलांडून गेला आणि मंजुषाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिला त्याने हात लावला नाही. नुसता उभा राहिला.

"अकरा ऑगस्ट," पूर्णिमा म्हणाली.

"आई, पुरे."

"वाच."

त्याने वाचायला घेतलं. ट्रक गेले. ईशान समोर येऊन बसला आणि पोऱ्याला म्हणाला, एक चहा. पुढे आलोकच्याने वाचवेना. तो वही धरून बसला.

"बिन आल्याचा," कौशल्याबाई म्हणाली. तिच्या तोंडून ते आपोआप निघून गेलं. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडू लागली.

पूर्णिमाने विडा थुंकला, तोंड पुसलं. मंजुषाला तिने खुणेने जवळ बोलावलं, पलंगावर बसवलं आणि तिचं मनगट धरलं.

"आता सारे ऐका," ती म्हणाली. "हिनं काही चोरलं नाई. माहं झाकलं. आन मले ठाऊक होतं. आतापर्यंत मी गप होती, तेबी सांगून ठेवते. आज मले समजून राह्यलं, उद्याचं माह्या हातात नाई. एक दिवस मी याच पलंगावर बसून सांगन, का मंजुषानं माह्या गोष्टी चोरल्या. रडून सांगन. तारीखवारासकट सांगन. आन तुमाले ते पटन, काऊन का पटवून सांगाचंच काम केलं मी जनमभर."

"ताई, असं काऊन बोलता," मंजुषा म्हणाली. तिचं मनगट सुटत नव्हतं.

"मले त्याचंच भेव वाटते. विसराचं भेव एवढं नाई." पूर्णिमा लेकाकडे वळली. "तवा तू मले काय म्हणशीन?"

आलोक म्हणाला, आपण नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे जाऊ, औषधं असतात, आता कशाला तो विषय. ती थांबली, त्याचं सगळं होऊ दिलं.

"डॉक्टरकडं जाऊ. आता म्हण. आई, तू खोटं बोलून राह्यली. म्हण."

तो म्हणाला. ओठ हलले, पण जवळच्यालाच ऐकू जावं इतकं हळू. पूर्णिमाने नाही म्हणून मान हलवली, लिहिताना एखादा संवाद फिका पडला की हलवायची तशी.

"असं म्हणशीन तर मी ऐकणार नाई. मी तवा भांडत असन, ओरडत असन. जोरानं म्हण."

आलोक उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लहानपणी ताप चढला की व्हायचा तसा झाला होता.

"आई, तू खोटं बोलून राह्यली," तो मोठ्याने म्हणाला. "काकूनं काही चोरलं नाई."

"बरोबर," पूर्णिमा म्हणाली. ती चिंतामणींकडे वळली.

"आता तुमी म्हणा."